जूनच्या पावसात टोकियो, पायी

टोकियोचं नाव काढलं की सगळे चेरीचा बहर नाहीतर नोव्हेंबरातली लाल पानं सुचवतात. जून कुणी सुचवत नाही, कारण तो तिथला पावसाळा. सरासरी पाहिली तर ७ जूनच्या आसपास तो सुरू होतो आणि १९ जुलैच्या सुमारास ओसरतो. पण चालणाऱ्याच्या हिशेबानं जून वाईट नाही. दुपारचं तापमान पंचविशीच्या आसपास, पाऊस बहुतेक वेळा भुरभुरता, आणि पहाटे साडेचारच्या आत उजाडलेलं असतं. जुलै संपता संपता हेच रस्ते इतके तापतात की दुपारी चालणं नको होतं.

विमान, व्हिसा, हॉटेल ही कामं सरळ झाली, तेव्हा त्यावर शब्द खर्च करत नाही. तयारीतल्या चार गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. ओल्या फरशीवर न घसरणारे बूट, आणि ते भिजले तर दुसरा जोड. खिशात छोटा टॉवेल, कारण बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. पाठपिशवीत कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. आणि पासपोर्ट: परदेशी पर्यटकानं तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे, झेरॉक्स चालत नाही.

प्रवासाच्या कार्डाचं एक त्रांगडं आहे. आयफोनमध्ये 'सुइका' कार्ड थेट भरता येतं, पण भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते चालत नाही, कारण त्यासाठी लागणारी सोय जपानबाहेर विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये चालू नसते. अशांनी विमानतळावरच पर्यटकांसाठीचं 'वेलकम सुइका' घ्यावं. त्याला अनामत नाही, मुदत २८ दिवस, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून थोडे थोडेच भरावेत.

गुरुवार: आसाकुसा

नारिता विमानतळावरून आसाकुसाला गाडी न बदलता जाता येतं. अडचण तिथं पोचल्यावर सुरू होते. आसाकुसा नावाची स्थानकं चार वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. त्यातली तीन जवळजवळ आहेत, पण त्सुकुबा एक्सप्रेसचं आसाकुसा पश्चिमेला सुमारे ६०० मीटर लांब. सामान घेऊन, पावसात, हे ६०० मीटर जाणवतात. त्यामुळे हॉटेलवाल्यानं 'आसाकुसा स्थानकापासून पाच मिनिटं' असं लिहिलं असेल तर कोणतं स्थानक आणि कितव्या क्रमांकाचं बाहेर पडायचं दार, हे दोन्ही आधी पाहून ठेवावं. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक दाराला ए१, बी३ असा क्रमांक असतो आणि स्थानकातल्या पिवळ्या पाट्या त्या क्रमांकानं वाट दाखवतात. चुकीच्या दारानं वर आलात तर मोठ्या चौकाच्या पलीकडे निघता. जमिनीखाली फोनचा निळा ठिपका भरकटतो, त्यामुळे दार ठरवायचं ते नकाशावर नाही, पाटीवर.

वर आल्यावर पत्ता शोधायचा. इथल्या बहुतेक रस्त्यांना नावच नाही. पत्ता रस्त्याचा नसून जमिनीच्या तुकड्याचा असतो. सेन्सोजी या शहरातल्या सर्वांत जुन्या देवळाचा पत्ता घ्या: ताइतो वॉर्ड, आसाकुसा, २–३–१. यातला २ म्हणजे मोहल्ल्याचा दुसरा भाग, त्याला चोमे म्हणतात. ३ म्हणजे त्या भागातला तिसरा ठोकळा, चारही बाजूंनी रस्ते असलेला. १ म्हणजे त्या ठोकळ्यावरचं दार. ही पद्धत १९६२ च्या कायद्यानं आली. ठोकळ्याच्या एका कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कडेकडेनं १०–१५ मीटरच्या अंतरानं आकडे टाकत जातात, आणि इमारतीचं मुख्य दार ज्या आकड्यासमोर उघडतं तो तिचा क्रमांक. प्रदक्षिणा पूर्ण झाली की पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी येतात. म्हणून १८ नंतर एकदम १ दिसला तर गोंधळायचं नाही, तुम्ही सुरुवातीच्या कोपऱ्यावर आलात एवढंच. घर समोर दिसतंय पण क्रमांक जुळत नाही, असं झालं तर दार मागच्या गल्लीत असतं. ठोकळ्याला वळसा घालायचा. शहराच्या काही जुन्या भागांत मात्र अजूनही जमिनीच्या नोंदीचेच क्रमांक आहेत. तिथं आकड्यांना क्रम नसतो आणि तर्क चालत नाही.

चोमे आणि ठोकळ्याचे आकडे विजेच्या खांबांवर आणि कोपऱ्यावरच्या भिंतींवर छोट्या पाट्यांवर असतात, साधारण डोक्याच्या उंचीवर किंवा जरा वर. एकदा या पाट्या दिसायला लागल्या की शहर उलगडतं. फोन खिशात ठेवून खांब वाचत चालणं पावसात फार सोयीचं पडतं, कारण एक हात छत्रीत अडकलेला असतो.

चौकाचौकांत परिसराचे मोठे नकाशे लावलेले असतात. ते वाचताना बहुतेक परदेशी माणसं फसतात. या फलकांवर उत्तर दिशा वर असेलच असं नाही. बऱ्याचदा फलकासमोर उभं राहिल्यावर जी बाजू समोर येते तीच नकाशात वर काढलेली असते. त्यामुळे 'तुम्ही इथे आहात'चा ठिपका शोधायच्या आधी दिशेचा बाण बघायचा.

एवढ्यानंही जमलं नाही तर कोबान. दारावर लाल दिवा असलेली ही छोटी पोलीस चौकी साधारण प्रत्येक मोठ्या स्थानकाबाहेर असते, आणि वाट सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचंच काम. एका कोबानमध्ये पन्नाशीच्या हवालदारानं टेबलाखालून नकाशांची जाडजूड वही काढली. प्रत्येक पानावर घर न् घर आखलेलं, घराघरावर राहणाऱ्याचं आडनाव. त्यानं बोट ठेवलं, दोन वळणं मोजली, मग कागदाच्या तुकड्यावर चार रेघा ओढून त्यात एक सिग्नल आणि एक सेव्हन-इलेव्हन काढून दिलं. इंग्रजीचा एक शब्द न बोलता काम झालं. पत्ता इंग्रजी अक्षरांत दाखवण्यापेक्षा जपानी लिपीत दाखवावा, हॉटेलच्या बुकिंगमध्ये तो असतो.

संध्याकाळी देवळाकडे. कामिनारीमोन या दारात टांगलेला लाल कंदील ३.९ मीटर उंच आणि सुमारे ७०० किलो वजनाचा. सगळे समोरून फोटो काढून पुढे जातात. त्याच्या बरोबर खाली उभं राहून वर पाहावं, बुडाला ड्रॅगन कोरलेला आहे. आत नाकामिसे ही २५० मीटरची दुकानांची रांग. तिथं गर्दी इतकी की छत्र्या एकमेकींत अडकतात, तेव्हा समांतर जाणाऱ्या बाजूच्या गल्ल्यांनी जाणं शहाणपणाचं. देवळात १०० येन पेटीत टाकून लोखंडी डबा हलवायचा, बाहेर आलेल्या काडीवरचा आकडा बघून तो खण उघडायचा, आतला कागद म्हणजे तुमचं भविष्य. सेन्सोजीत वाईट भविष्य निघण्याचं प्रमाण बरंच आहे. तसं निघालं तर कागद तिथल्याच तारेला बांधून यायचा, घरी न्यायचा नाही.

याच संध्याकाळी एक चकवा अनुभवाला येतो. अचानक रस्त्यावरच्या भोंग्यांतून लहान मुलांच्या गाण्याची चाल घुमते. बहुतेक ठिकाणी ५ च्या सुमारास. वॉर्ड आणि ऋतू पाहून वेळ थोडी बदलते. भूकंप-पुराच्या सूचना देण्यासाठी बसवलेली ती ध्वनिक्षेपक यंत्रणा आहे. ती चालू आहे ना याची रोजची तपासणीही होते आणि मुलांना घरी जायची वेळ झाल्याचंही कळतं.

शुक्रवार: पहाटेचा फेरा, मग यानाका

जूनच्या पहाटेचा फायदा घ्यायचा तर पाचलाच बाहेर पडावं. नाकामिसेची दुकानं बंद असतात, पण शटरांवर जुन्या आसाकुसाची चित्रं रंगवलेली आहेत आणि ती फक्त दुकानं बंद असतानाच दिसतात. देवळाचं आवार उघडंच असतं, मुख्य गाभारा उन्हाळ्याच्या महिन्यांत ६ ला उघडतो.

याच वेळी मागच्या गल्ल्यांत कचरा बाहेर येतो. पिशव्यांचे ढीग आणि त्यावर अंथरलेली निळी किंवा पिवळी जाळी. ही कावळ्यांसाठी. टोकियोचे कावळे अंगापिंडानं थोराड आहेत आणि पिशवी फाडण्यात पटाईत. एक आजी जाळीच्या कडांवर पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवत होत्या, आणि दोन कावळे समोरच्या तारेवरून ते काम लक्ष देऊन पाहत होते.

कचऱ्यावरून आठवलं: रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नाहीतच. १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर त्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. विक्रीयंत्राशेजारी जी पेटी असते तिला गोल भोकं असतात, ती फक्त बाटल्या आणि डब्यांसाठी. त्यात केळ्याची साल कोंबू नये. चोवीस तास उघड्या दुकानांत, म्हणजे कोनबिनीत, आत पेटी असते. ती तिथं घेतलेल्या वस्तूंच्या कचऱ्यासाठी. बाकी सगळं पाठपिशवीतल्या पिशवीत.

निप्पोरी स्थानकाच्या पश्चिमेकडून बाहेर पडलं की दहा मिनिटांत यानाका. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले, दोन्हीतून या भागाचा बराचसा हिस्सा वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अजून वाकड्या आणि घरं लाकडी. युयाके दानदान या पायऱ्या उतरलं की यानाका गिंझा, जेमतेम १७० मीटरची बाजारपेठ. इथं वेळ काढावा. एका दुकानात म्हातारे गृहस्थ तांदळाच्या चकत्या, सेनबेई, निखाऱ्यावर भाजत होते. चिमट्यानं उलटायची, फुगायला लागली की चपट्या ठोकळ्यानं दाबायची, पुन्हा उलटायची, आणि शेवटी रुंद कुंचल्यानं सोया सॉस फासून परत आचेवर. सॉस जळायच्या आत उचलायची. त्यांनी दिलेली चकती हातात गरम होती आणि खाताना आवाज गल्लीभर. काही सेनबेईंत कोळंबी असते, शाकाहारी असाल तर विचारून घ्यावं.

मागच्या गल्ल्यांत एका फाट्यावर भलं मोठं देवदाराचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकून एक जुनं पावाचं दुकान. झाडाला तिथं 'हिमालया'च्या नावानंच ओळखतात. वळणं मोजायला ते फार उपयोगी पडतं, कारण यानाकात ठोकळ्यांची आखणी सरळ नाही आणि खांबावरचे आकडे एका गल्लीत तीनदा बदलतात.

अशा गल्ल्यांना पदपथ नसतो. कडेला एक पांढरी रेघ असते, तिच्या आत चालायचं. काही ठिकाणी ती पट्टी हिरवी रंगवलेली असते, ती शाळेच्या मुलांची वाट. कोपऱ्यावर नारिंगी खांबाला गोल बहिर्वक्र आरसा असतो. तो गाड्यांसाठी असला तरी पायी माणसानंही वळण्याआधी त्यात पाहावं. सायकली गल्लीतून आवाज न करता येतात आणि पावसात छत्रीमुळे बाजूचं दिसत नाही. सायकलस्वार पदपथांवरूनही जातात. त्यांच्यासमोर बिचकून एकदम बाजूला उडी मारू नये. सरळ चालत राहावं, ते चुकवून जातात. उडी मारलीत तर धडक होते.

दुपारी नेझू देवस्थान. १७०६ चं बांधकाम आणि शेजारच्या टेकाडावर लाल तोरीईंची, म्हणजे देवस्थानाच्या कमानींची, वाकडी रांग. तिथून पश्चिमेला साधारण वीस मिनिटांवर हाकुसान देवस्थान, जिथं जूनमध्ये हायड्रेंजियाचा उत्सव भरतो. निळे, जांभळे, गुलाबी गेंद, पावसात ओले झाले की आणखी गडद. मातीतल्या आम्लामुळे फुलं निळी होतात आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी, त्यामुळे एकाच आवारात दोन कोपऱ्यांत दोन रंग दिसतात. चेरीच्या दिवसांत टोकियोला आलेल्यांना हे बघायला मिळत नाही. आमच्या मते तो त्यांचा तोटा.

जेवणाबद्दल इथंच सांगून टाकतो. शाकाहारी माणसाची खरी अडचण मांस नाही, दाशी आहे. हा बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून केलेला रस्सा. सूपमध्ये असतो, नूडल्सच्या रश्श्यात असतो, भाजीतही असतो. थंड सोबा नूडल्स नुसत्या चालतात, पण त्या ज्यात बुडवायच्या त्या सॉसमध्येही तोच. कोनबिनीतल्या भाताच्या त्रिकोणात, ओनिगिरीत, उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, प्रकार त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी त्यातही कधीकधी बोनिटोचा अर्क असतो. पाकिटावर कोळंबी, खेकडा, गहू, अंडी, दूध अशा ठरावीक घटकांची नोंद सक्तीची आहे, पण बोनिटो त्या यादीत येत नाही. म्हणून ठळक चौकटीतली ॲलर्जीची यादी वाचून थांबायचं नाही, पूर्ण घटक फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतरित करून पाहायचे. टोकियो स्थानकात तिकीट फाटकाच्या आत 'टीज तानतान' नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे, अंडं-दूधही नाही. गाडीनं जायचं नसेल तर फलाट तिकीट काढून आत जाता येतं, त्याची मुदत दोन तास. तिळाच्या घट्ट रश्श्याचं रामेन पावसात भिजून आलेल्याला बरं वाटतं.

शनिवार: त्सुकिजी ते निहोनबाशी

माशांचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, पण त्सुकिजीचा बाहेरचा बाजार जागच्या जागी आहे. सुऱ्या, वाळवलेलं समुद्रशेवाळ, लोणची, काडीवरचं गोडसर ऑम्लेट. रविवारी आणि काही बुधवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारची सकाळ, आणि नऊच्या आत. गल्ल्या जेमतेम दोन छत्र्यांच्या. घेतलेला पदार्थ हातात घेऊन भटकत खाऊ नका, दुकानासमोरच उभं राहून संपवा आणि काडी त्याच दुकानात परत द्या. तशा पाट्याच लावलेल्या आहेत.

इथं पावसात चालण्याचे दोन धोके. एक, लोखंडी झाकणं. विशेषतः कडेनं पिवळं वर्तुळ रंगवलेली, ती अग्निशमनाच्या नळाची असतात. रंगावर पाय सटकतो. दोन, पिवळ्या उंचवट्यांच्या फरश्या. अंधांसाठीच्या या फरश्या जपानमध्येच सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे 'चालत राहा', गोल टिंबं म्हणजे 'थांब, पुढे जिना, रस्ता किंवा फलाटाची कड'. त्यावर उभं राहणं, सामान ठेवणं टाळावं. ओल्या असताना त्या निसरड्याही असतात.

दुपारी गिंझा. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी चुओ रस्ता १२ पासून वाहनांना बंद होतो, उन्हाळ्यात ६ पर्यंत आणि हिवाळ्यात ५ पर्यंत. १९७० पासून ही प्रथा आहे. एरवी सहा-सात मजली पेढ्यांकडे पदपथावरून मान वाकडी करून बघावं लागतं, त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभं राहता येतं. चौथ्या चोमेच्या चौकात १९३२ ची घड्याळाची इमारत. वादळी पाऊस असेल तर वाहनबंदी रद्द होऊ शकते.

दुकानात शिरताना छत्रीचं काय करायचं, हे पाहून घ्यावं. दारात एकतर प्लास्टिकची पिशवी चढवायचं यंत्र असतं, छत्री वरून आत घालून पुढे ओढली की पिशवी बसते. नाहीतर कुलपाची मांडणी, जिची किल्ली आपण न्यायची. साधी उघडी बादली असेल तर पारदर्शक छत्री ठेवताना मुठीला काहीतरी खूण बांधा. कोनबिनीतल्या त्या छत्र्या सगळ्या एकसारख्या, आणि बाहेर येईपर्यंत तुमची कुणीतरी चुकून नेलेली असते. हे चोरीबिरी नसतं, पण भिजायला तुम्हीच लागता. गाडीत शिरताना छत्रीचा पट्टा बांधूनच शिरायचं.

गिंझापासून तोच रस्ता उत्तरेला धरला की अर्ध्या तासात निहोनबाशी. जपानमधल्या रस्त्यांची अंतरं इथून मोजतात. शून्याचा मूळ बिल्ला पुलावर रस्त्याच्या मधोमध जडवलेला आहे, तिथं गाड्या धावतात. त्याची प्रतिकृती पुलाच्या टोकाशी कडेला ठेवली आहे, ती बघावी. १९११ चा हा दगडी पूल, त्यावरचे पंख असलेल्या किरिन या काल्पनिक प्राण्याचे पुतळे, आणि डोक्यावर १९६३ मध्ये, ऑलिंपिकच्या घाईत, बांधलेला द्रुतगती मार्ग. पुलाचं आकाश त्या मार्गानं खाल्लंय. तो जमिनीखाली नेऊन वरचा सांगाडा २०४० पर्यंत काढायचं ठरलं आहे. तोवर एक फायदा: पावसात पूल निवांत पाहता येतो.

रविवार: शिबुया ते शिंजुकू

आकाश उघडलं, हवा दमट. शिबुयात भुयारी रेल्वेची गिंझा मार्गिका जमिनीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबते. गाडी चढलेली नसते. भोवतालच्या टेकड्यांमधून ती सरळ येते आणि स्थानक दरीत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली की शिबुयात हरवायला होत नाही: उतार खाली जातोय तर स्थानकाकडे, चढ लागला तर स्थानकापासून लांब.

मोठ्या चौकात सगळ्या बाजूंची वाहनं एकदम थांबतात आणि पाचही वाटांनी, तिरपंसुद्धा, माणसं सुटतात. व्हिडिओसाठी मधे थांबू नये, मागच्याचा धक्का बसतो. सिग्नलच्या खांबावर उभ्या पट्ट्या असतात, त्या एकेक करत विझतात. शेवटच्या दोन उरल्या असतील तर उतरू नका. इतर साध्या चौकांत मात्र वेगळी काळजी: तुम्हाला हिरवा असतो तेव्हाच वळणाऱ्या गाड्यांनाही हिरवा असतो. त्या थांबतात, पण छत्री तिरकी धरून न बघता उतरू नये. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, एवढी सवय मोडावी लागत नाही. अनेक सिग्नलना दोन वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज असतात, एका दिशेला कोकिळेसारखा आणि आडव्या दिशेला पिल्लाच्या चिवचिवाटाचा. अंधांना कोणती वाट मोकळी आहे ते त्यावरून कळतं. लाल असताना, रस्ता रिकामा असला तरी, कुणी ओलांडत नाही. परदेशी माणूस निघाला तर शेजारचं पोर त्याच्या मागे निघू शकतं, एवढं ध्यानात ठेवावं.

शिबुया स्थानकाच्या परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर दारू पिण्यास बंदी आहे, ऑक्टोबर २०२४ पासून बारमाही. धूम्रपानही ठरवून दिलेल्या जागांवरच. आणि हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी फोटोसाठी रांग असते: पहिला पुतळा १९३४ चा, तो युद्धात वितळवला गेला, आत्ताचा १९४८ चा.

इथून शिंजुकू चालत साडेतीन किलोमीटरच्या आसपास, वाटेत मेजी देवस्थान. १९२० मध्ये ते उभं राहिलं तेव्हा ही जमीन जवळपास उघडी होती. देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडं लावून ७० हेक्टरांचं हे जंगल केलं. आतल्या खडीच्या वाटेवर शहराचा आवाज गळून पडतो. खडीमुळे चाकांची बॅग इथं ओढत नेणं म्हणजे शिक्षा. सूर्योदय ते सूर्यास्त उघडं असतं, जूनमध्ये म्हणजे भरपूर वेळ.

शिंजुकूत दोन गोष्टींनी पाय थकतात. स्थानकाची दारं दोनशेच्या वर आहेत, आणि २०२० पर्यंत तिकिटाशिवाय पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर सगळ्या स्थानकाला वळसा पडायचा. आता मधून मोफत रुंद वाट आहे, 'पूर्व-पश्चिम मार्ग' शोधावा. दुसरं, पश्चिमेच्या गगनचुंबी इमारतींत नकाशावर दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून पुलानं जातो. इथं १९६५ पर्यंत योदोबाशीचं जलशुद्धीकरण केंद्र होतं. त्याच्या हौदांच्या तळाची पातळी तशीच ठेवून खालचे रस्ते आखले, त्यामुळे रस्ते दोन मजल्यांवर. वळायचं असेल तर आधी जिना शोधायचा. हे कळलं नाही तर माणूस महानगर सरकारच्या इमारतीला तीन फेऱ्या घालतो. त्या इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून, २०२ मीटरवरून, शहर फुकट दिसतं.

संध्याकाळी पूर्वेला नाकामुराया. १९१५ मध्ये रासबिहारी बोस इंग्रजांना चुकवून जपानला पोचले. हद्दपारीचा हुकूम निघाल्यावर या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्यानं, त्यांना दुकानाच्या मागच्या जागेत लपवून ठेवलं. पुढे १९१८ मध्ये त्यांची मुलगी तोशिको आणि बोस यांचं लग्न झालं, आणि १९२७ मध्ये दुकानानं भोजनगृह काढलं तेव्हा भारतीय करी पानावर आली. ती अजून मिळते, हाडासकट कोंबडीची, मसाला बेतानं. स्वातंत्र्यलढ्याची ही शाखा आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटोपते. इथं तिचा वास घेता येतो. जेवून निघताना काबुकिचो या बारच्या वस्तीच्या तोंडाशी दलाल हाक मारतात, मागे जाऊ नये. बिलाच्या आकड्यावरून होणारे वाद तिथलेच.

सोमवार: निशि-कासाई

सोमवारी शिंजुकू ग्योएन बाग बंद, बरीच संग्रहालयंही बंद. म्हणून तोझाई मार्गिकेनं टी१६ क्रमांकाच्या निशि-कासाईला. सकाळी ही मार्गिका शहराच्या मध्याकडे जाताना खच्चून भरलेली असते. उलट दिशेला बसायला जागा मिळते. २००० च्या सुमारास संगणक क्षेत्रातले भारतीय इथं स्थिरावू लागले. आता किराणा, मसाले, डाळी, पोळ्या सगळं मिळतं, आणि दाशीच्या चौकशा न करता पोटभर जेवता येतं. २०१९ मध्ये एडोगावा वॉर्डाच्या सभेवर मराठी माणूस निवडून आला, योगेंद्र पुराणिक. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतीय वंशाचे ते पहिलेच. किराणा दुकानात बाजूला उभ्या असलेल्या काकूंना आमचं मराठी ऐकू गेलं आणि त्यांनी विचारल्याशिवायच सांगितलं: "तूरडाळ इथली घ्या, पण कोथिंबीर समोरच्या जपानी दुकानात स्वस्त."

चालायला इथले रस्ते सपाट आणि रुंद. सपाट का, तर वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. काही खांबांवर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसते. २०१९ मध्ये वॉर्डानं पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच 'इथं थांबू नका' अशा अर्थाचा मजकूर छापला होता. मोठ्या वादळाचा अंदाज असेल तर पाहुण्यांनीही तो शब्दशः घ्यावा, आणि उंच भागात मुक्काम हलवावा. पोलिसांचा क्रमांक ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा ११९.

परतीचं विमान सकाळचं असेल तर मोठी बॅग आधीच हॉटेलातून किंवा कोनबिनीतून कुरिअरनं विमानतळावर पाठवता येते. मात्र त्याच दिवशी पोचेल असं धरू नका, बॅग किमान दोन दिवस आधी द्यायची. पावतीवर विमानाचा क्रमांक, तारीख आणि टर्मिनल लिहावं लागतं. टर्मिनल चुकलं तर बॅग दुसऱ्या इमारतीत जाऊन बसते, आणि नारिताला तिसरं टर्मिनल बाकीच्यांपासून चांगलंच लांब आहे.